अठरा टक्क्यांवरची भाऊबीज

उमरखेडहून परत येऊन आठ दिवस झाले, तरी सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, पोचली का गाडी?" माणसं पोचली का, असं कुणी विचारत नाही. विजेवरच्या गाडीने नाशिकहून थेट यवतमाळ जिल्ह्याच्या खालच्या टोकापर्यंत जाणारे आमच्या ओळखीत आम्हीच पहिले, म्हणून ही चौकशी. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, सगळ्यांना ती हकिकत रंगवून सांगतो. त्याच्या हकिकतीत तो एकदाही चुकत नाही. म्हणून म्हटलं, आपण एकदा खरं काय झालं ते लिहूनच टाकावं.

सुरुवात केली ती अण्णांनी. अण्णा माझे सासरे, वय चौऱ्याऐंशी. जन्म उमरखेडचा, नोकरीसाठी नाशिकला आले आणि इथलेच झाले. त्यांची धाकटी बहीण, आमची कुसुमआत्या, सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून उमरखेडलाच लेकाजवळ राहते. भाऊबिजेला दादाला ओवाळल्याशिवाय ती अन्नाला शिवत नाही. परकरी वयापासूनचा नेम. अण्णा दर वर्षी न चुकता जायचे, पण मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली, मग गुडघ्याने दगा दिला, आणि तीन भाऊबिजा फोनवर काढाव्या लागल्या. तिकडे आत्या फोनसमोर निरांजन फिरवायची, इकडे अण्णा टोपी घालून फोनसमोर ताठ बसायचे. झालं की ती जेवायची.

यंदा नवरात्रातच अण्णांनी जाहीर केलं, "फोनला ओवाळून फोनचं आयुष्य वाढतं, माझं नाही. मी उमरखेडला जाऊन पाटावर बसणार. माझ्याकडे आता फार भाऊबिजा शिल्लक नाहीत."

श्रीकांत लगेच कामाला लागला. तो पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होता, नुकताच निवृत्त झालाय, आणि धरणाचं पाणी मोजायची सवय आता गाडीच्या बॅटरीवर उतरलीय. पंधरा दिवस खपून त्याने एक तक्ता केला. कुठल्या ठिकाणी किती वाजता, पोचताना किती टक्के, निघताना किती टक्के. चढ-उतार, वाऱ्याची दिशा, एसी किती, सगळं धरलेलं. अण्णांचं वजनसुद्धा.

"आणि चकल्यांचा डबा?" मी विचारलं.

"सामानात धरलाय," तो गंभीरपणे म्हणाला. "प्रत्येक टप्प्याला मुख्य चार्जर आणि एक पर्यायी. यवतमाळनंतरच्या टप्प्याला तर दोन पर्यायी. चूक व्हायला जागाच नाही."

पाडवा: नाशिक ते यवतमाळ

महामार्गावरच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि श्रीकांतला वाटतं तीच त्याची कमाल. गाडी तक्त्याबरहुकूम धावली, तक्त्याबरहुकूम थांबली. चार्जरवरच्या थांब्यांत अण्णांनी एका ट्रकवाल्याशी सोयरीक जुळते का ते तपासलं आणि दोन डुलक्या काढल्या.

कारंजाला महामार्ग सोडून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि गंमत सुरू झाली. दोन्हीकडे पांढरीफेक कपाशी, मध्ये पिवळ्या फुलोऱ्यातली तूर, सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं. अण्णा खिडकीची काच खाली करा म्हणाले. काच खाली केली की वाऱ्याने टक्के जातात, असं श्रीकांत म्हणाला. अण्णांनी काच खाली केली.

"पऱ्हाटी पाह्य कशी लदबदली," कपाशीकडे बोट दाखवून ते म्हणाले. साठ वर्षं नाशिकला काढलेला माणूस! जिल्ह्याची हद्द लागली आणि भाषा कशी आपोआप फिरली. रात्रीपर्यंत ते लॉजच्या मॅनेजरशी "काय करून राह्यला बाप्पा" असं बोलत होते, आणि मी सून असूनही मला नवा माणूस भेटल्यासारखं वाटत होतं.

लॉजमध्ये गाडी रात्रभर लावून ठेवायची आणि सकाळी भरल्या पोटी निघायचं, असा बेत होता. गाडीसोबत आलेला चार्जर श्रीकांतने पार्किंगच्या सॉकेटात लावला. चार्जरने लाल दिवा दाखवला. दुसऱ्या सॉकेटात लावला, तिथेही लालच. या गाड्यांचं असं असतं की अर्थिंग, म्हणजे जमिनीत पुरलेली संरक्षक तार, नीट नसेल तर चार्जर वीज घ्यायलाच तयार होत नाही. मॅनेजरला हे पटेना.

"साहेब, याच सॉकेटवर दहा वर्षं झाले गीझर चालून राह्यला. गीझरले काही प्रॉब्लेम नाही, मंग तुमच्या गाडीलेच काहून?"

"गीझरला अक्कल नसते," श्रीकांत म्हणाला.

"गाडीले हाय म्हणता?" मॅनेजर म्हणाला, आणि श्रीकांतने चार्जर गुंडाळून डिकीत टाकला.

यवतमाळ: भाऊबिजेची सकाळ

सकाळी गाडीत चौतीस टक्के होते. उमरखेड तिथून शंभरावर किलोमीटर, आणि चौतीस टक्क्यांत गाडी जेमतेम नव्वद-पंच्याण्णव जाते. पण काळजीचं कारण नव्हतं, दोन पर्यायी होते ना.

निघण्याआधी चौकात तर्री-पोहे खाल्ले. आम्हा नाशिककरांना मिसळीचा फार अभिमान. पण साध्या पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री ओतून माणसाला सकाळी आठ वाजता घाम फोडायचा, ही हिंमत आमच्यात नाही. वरून हिरवंगार सांबार. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, हे मला लग्नानंतर वर्षभराने कळलं होतं. अण्णांनी मात्र बशी सरकवून दिली. फक्त चहा घेतला.

"अण्णा, गोळ्या आहेत. दोन घास तरी खा."

"कुसुम उपाशी हाय तवर नाही," ते म्हणाले. "ती माह्यासाठी थांबते, अन् मी इथं पोहे चापू?"

इतकी वर्षं मी आत्याच्याच उपासाचं कौतुक ऐकत आले होते. हेही उपाशी राहतात, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी घड्याळात पाहिलं आणि श्रीकांतला म्हटलं, चल लवकर.

पहिला पर्याय यवतमाळातल्याच एका शोरूमचा. फाटकाला कुलूप. शेजारच्या पानठेल्यावर विचारलं.

"चौकीदाराकडे चाबी हाय. थो दिग्रसले गेला."

"दिग्रसला कशाला?"

पानवाल्याने आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही विलायतेहून आलोय. "आज भाऊबीज नाही का जी? बहिणीकडे गेला."

दुसरा पर्याय आर्णीच्या जवळ, रस्त्यालगतच्या एका हॉटेलच्या आवारात. गेलो. मशीन उभं होतं, दिवा लागलेला, नुसतं पाहून श्रीकांतचा जीव भांड्यात पडला. पण ते सुरू करायचं कार्ड मॅनेजरच्या खिशात, आणि खिसा पुसदला! फोन लावला. मागून बायकापोरांचा गलका ऐकू येत होता.

"साहेब, मी तं ताईकडे आलो ना. ओवाळणं चालू हाय. दोन वाजेलोक येतो."

हॉटेलच्या गल्ल्यावरचा माणूस हसला. "दोन म्हणते म्हणजे पाच समजा."

आता गाडीत अठरा टक्के, आणि पुढे सत्तर किलोमीटर. श्रीकांत तक्ता उघडून उभा. ज्याच्या ज्याच्या हातात किल्ली, कार्ड किंवा कुलूप, तो प्रत्येक बाप्या आज कुणाचा तरी भाऊ होता आणि कुणाच्या तरी पाटावर बसलेला होता. वाऱ्याची दिशा धरलेल्या माणसाने एवढं मात्र धरलं नव्हतं. आणि भाऊबिजेलाच निघालो होतो आम्ही! त्याला सख्खी बहीण नाही, त्यामुळे या दिवशी माणसं घराबाहेर पडतात हे त्याच्या गावीच नव्हतं.

"भाड्याची गाडी करू," मी म्हटलं. दोन फोन केले. दोन्ही ड्रायव्हर बहिणीकडे. एसटीचा विचार झाला, पण अण्णांचा गुडघा एसटीच्या पायऱ्या चढू देत नाही. अण्णा गाडीत बसून नुसते समोर बघत होते. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. पावणेअकरा वाजले होते आणि अण्णांच्या पोटात चहाव्यतिरिक्त काही नव्हतं. श्रीकांतवर ओरडावंसं वाटत होतं, पण त्याचं तोंडच इतकं उतरलं होतं की ओरडण्यात मजा उरली नव्हती.

हॉटेलच्या साध्या सॉकेटातही चार्जर लावून पाहिला, पण तिथेही अर्थिंग नाही म्हणून लाल दिवाच. शेवटी गल्ल्यावरच्यालाच दया आली. "अर्थिंग पाह्यजे नं तुमाले? मंग समोरच्या फाट्याजवळ वंदनाताईकडे जा. मोटारवाइंडिंगचं दुकान हाय. या टापूत तिच्याएवढं अर्थिंग कोणाचं नाही."

फाट्याजवळचं घर

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान पुढे, मागे घर, अंगणात मोठा निंब. चाळिशीतली एक बाई ओसरीवर बसून मोटारीच्या पोटात तांब्याची तार गुंडाळत होती. सणाच्या दिवशी, नव्या साडीवर.

"आमचे हे बहिणीकडे गेले," तिने आपणहून सांगितलं, म्हणजे आम्ही परत तेच विचारायला नको. "माहे भाऊ येतील संध्याकाळी. बोला, काय जळलं?"

"जळलं काही नाही. गाडी चार्ज करायची होती," श्रीकांत म्हणाला, आणि तिला अर्थिंग म्हणजे काय ते समजावू लागला. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. फार सभ्य बाई. मग उठली, घराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यावरची फरशी सरकवली आणि बादलीभर पाणी आत ओतलं.

"पाऊस जाऊन महिना झाला नं. अर्थिंगले पाणी पाजा लागते. मीठ-कोळसा मी दसऱ्यालेच भरला." मग बल्ब लावलेल्या दोन तारा घेऊन आली, एक सॉकेटात, एक अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला. "आता लावा तुमचं."

श्रीकांतने चार्जर लावला. हिरवा दिवा! त्याने तिच्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं त्याने माझ्याकडे तीस वर्षांत पाहिलेलं नाही.

पण घरच्या सॉकेटावर तासाला सात-आठ टक्केच भरतात. वाटेतले चढ आणि पुढे चार्जर नाही म्हणून हाताशी राखीव धरून, श्रीकांतच्या हिशोबाने उमरखेड गाठायला पंचेचाळीस तरी हवेत, म्हणजे दोन-अडीच वाजणार. मध्ये वीस मिनिटं लाइन गेली, ती वेगळीच. वंदनाताईने निंबाखाली बाज टाकली, अण्णांना बसवलं आणि चूल पेटवायला निघाली. आमच्याकडे परक्या माणसाला आधी पाणी विचारतात, मग चहा, मग बराच वेळ काही विचारत नाहीत. इथे बाईने थेट पिठाचा डबा काढला.

"बाबाजी, वांग्याची भाजी चालते नं?"

अण्णांनी नाही म्हटलं. तिचा चेहरा पडला. इथे जेवणाला नाही म्हणणं म्हणजे घराला नाव ठेवणं. मग अण्णांनी खरं कारण सांगितलं, आणि तिने चुलीवरची कढई उतरवून ठेवली.

तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"दादा, कुठी पोचला?"

"आलोच," अण्णा म्हणाले. "जवळच हाओ."

आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. मी फोन घेतला आणि सगळं सांगितलं, दिग्रस, पुसद, अर्थिंग आणि अठरा टक्के. आत्या म्हणाली, "म्हणजे गाडीले भूक लागली म्हण नं."

"हो आत्या. उशीर होईल. तुम्ही थोडं खाऊन घ्या. साखर कमी होते तुमची."

"अवं, गाडी उपाशी, दादा उपाशी, अन् मी एकटीच जेवू? कोणतं गाव म्हणतं ते?"

गावाचं नाव मला कुठे माहीत. मी फोन वंदनाताईकडे दिला. ती बोलत बोलत घरात गेली आणि बराच वेळ आतच होती. मला वाटलं, बायका आहेत, नातीगोती लावत असतील. तसंही इथे दोन माणसं पाच मिनिटं बोलली की लांबची मावशी निघतेच.

बारा वाजले. साडेबारा. श्रीकांत दर दहा मिनिटांनी गाडीत डोकावून टक्के सांगायचा. अण्णा बाजेवर आडवे झाले होते, डोळे मिटलेले. मी दोनदा त्यांच्या छातीकडे नीट बघून घेतलं. आपण या माणसाला इथवर आणून उगाच फरफटवलं, असं मनात यायला लागलं. फोनवर ओवाळणं काय वाईट होतं? निदान वरणभात तरी वेळेवर मिळायचा.

एक वाजून गेला तेव्हा वंदनाताई पदर खोचून म्हणाली, "फाट्यावर जाऊन येतो." इकडच्या बायका 'येतो, जातो' असंच बोलतात. मी म्हटलं, या.

पाच-दहा मिनिटांत उमरखेडकडून लाल एसटी आली आणि फाट्यावर थांबली. कंडक्टर आधी उतरला. त्याच्या हातात टॉवेलात बांधलेलं काहीतरी होतं, ते त्याने वंदनाताईच्या हाती दिलं आणि मग दोन्ही हात वर करून एका म्हाताऱ्या बाईला अलगद खाली घेतलं. सगळी बस खिडक्यांतून बघत होती.

मी ओळखलं. श्रीकांत म्हणाला, "ही कशी...?"

अण्णा उठून बसले. कुसुमआत्या वंदनाताईचा हात धरून तुरुतुरु चालत अंगणात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुसुम, तू काहून आली वं?"

"मंग काय तुह्या गाडीचं पोट भरायची वाट पाहू? पोरगा सुनेले घेऊन हदगावले गेला, नाही तं त्याच्याच फटफटीवर आली असती. यष्टीत बसली, निंगाली. मले तिकीटबी नाही लागत, पंच्याहत्तरीच्या वर फुकट असते." मग तिने आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, वायर बघितली. "श्रीकांता, किती झाली रे?"

"पस्तीस टक्के, आत्या."

"अन् निंगाले किती लागते?"

"पंचेचाळीस."

"होऊ दे तिचं आरामात. तवर आमचं आटपते."

टॉवेल सोडला तर आत अख्खं ताट. कुंकवाची कोयरी, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन, तेलाची छोटी बाटली आणि डब्यात अनारसे. दीड-दोन तास कंडक्टरने ते मांडीवर धरून आणलं होतं म्हणे, सांडू नये म्हणून. वंदनाताईने पाट मांडला, भोवती रांगोळीची चार बोटं ओढली. वाऱ्याने निरांजन विझायला लागलं, तशी आत्याने पाट गाडीच्या आडोशाला हलवायला लावला. दिवसभरात आमच्या गाडीने एवढं एक काम बिनतक्रार केलं.

अण्णा टोपी घालून पाटावर बसले. आत्याने लावलेलं कुंकू कपाळावर जरा वाकडंच लागलं. तिने सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं, अक्षता टाकल्या, आणि मग ताट बाजूला ठेवून दोन्ही तळवे त्यांच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. तीन वर्षं फोनच्या काचेवर हे जमत नव्हतं. तिने अनारसा त्यांच्या तोंडात घातला, त्यांनी अर्धा मोडून तिच्या तोंडात घातला, आणि दोन उपाशी म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत चावत राहिली. मला रडू आलं. श्रीकांत गाडीकडे तोंड करून टक्के बघत होता, पण स्क्रीन केव्हाच बंद झाली होती.

वंदनाताईने कढई पुन्हा चुलीवर चढवली. वांग्याची भाजी, गरम पोळ्या, वर कच्चं तेल आणि ठेचा. अण्णांनी चार पोळ्या खाल्ल्या. गोळ्या कुणाच्या लक्षातच नव्हत्या, त्या मी नंतर आठवणीने दिल्या.

आत्या जेवून बाजेवर अण्णांशेजारी पाय वर घेऊन बसली. उन्हं कलायला लागली होती, गाडीत कधीच पन्नास झाले होते, पण निघायची घाई कुणालाच नव्हती. अण्णा जरा ओशाळून म्हणाले, "कुसुम, चुकलंच माह्यं. तुले एवढी दगदग झाली. पुढच्या साली मी आधीच निंगतो, धनत्रयोदशीलेच. तुह्या दारात येऊन बसतो."

"तू नको येऊ," आत्या म्हणाली. "नाशिक काय, मुंबई काय, येणंजाणं मी पाह्यतो. तू फक्त राह्य."

अण्णांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

"राह्यतो," ते म्हणाले.